बदकं म्हणे हवा छान आहे

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या माणसाला हवा पसंत पडली, असं सहसा घडत नाही. ऊन पडलं की ‘लाइट हार्श आहे’, ढग आले की ‘फ्लॅट आहे’, आणि ऊन, दिशा, पक्षी असं सगळं संध्याकाळी एका ओळीत जुळून आलं की ‘आता पाच मिनिटांत जाईल बघा’. लग्नाच्या पंगतीत मीठ कमी आहे हे सांगायला वरपक्षाचा एक मामा नेमलेला असतो, तसे या छंदात सगळेच मामा असतात. अपवाद फक्त खरोखरच्या वाईट हवेचा. धुकं, भुरभुर पाऊस आणि दातावर दात वाजवणारा वारा असा त्रिवेणी संगम होणार, असं हवामान खात्यानं सांगितलं की हीच माणसं पहाटे साडेतीनला गाड्या काढतात. कारण साधं आहे. लख्ख उजेडात फोटो हलला तर दोष कोणाचा, हे घरच्या शेंबड्या पोरालाही कळतं. धुक्यात हलला तर तो धुक्यानं हलवला. आणि चुकून साधला, तर ‘कसल्या कंडिशनमध्ये काढलाय बघा!’ म्हणायची सोय राहते. या दोन्ही बाजूंनी फायद्याच्या धंद्याला गुंतवणूक तेवढी मोठी लागते.

हा सोहळा बघायचा तर डिसेंबर-जानेवारीत निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरला जावं. गोदावरी आणि कादवा इथे भेटतात. त्या ठिकाणी इंग्रजांच्या काळात दगडी बंधारा बांधला गेला, कालवे निघाले, आणि नंतर वर्षानुवर्षं गाळ साचत गेला. पाणी साठवण्याच्या परीक्षेत धरण जसजसं मागं पडत गेलं, तसतसं ते बदकांच्या परीक्षेत वर चढत गेलं. उथळ पाणी, चिखल, मधूनमधून बेटं, कडेला पाणकणीस. १९८६ साली अभयारण्य जाहीर झालं आणि २०२० मध्ये रामसर यादीत स्थान मिळवणारी ही महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा ठरली. गाळ साचल्याबद्दल आंतरराष्ट्रीय दर्जा मिळालेलं सरकारी बांधकाम दुसरं कुठे असेल तर जरूर कळवावं.

थापट्या, तलवार बदक, गडवाल, चक्रवाक, लालसरी ही मंडळी हिवाळ्यात उत्तरेकडून येतात. हळदीकुंकू बदकं इथलीच, बारमाही. पाहुण्यांतले बहुतेक नर ऑक्टोबरात येतात तेव्हा माद्यांसारखेच मळकट असतात. विणीनंतर त्यांची पिसं गळतात, त्यात पंखांची उडायची पिसं एकदमच गळतात, आणि काही आठवडे उडताच येत नाही. अशा वेळी भडक कपडे घालून फिरू नये एवढी अक्कल बदकांना आहे. मग नवी रंगीत पिसं अंगावर चढता चढता डिसेंबर उजाडतो. थापट्याचं डोकं हिरवंगार होतं, तलवार बदकाची शेपूट टोकदार निघते, आणि बदक असं फोटोसाठी नटून बसलं की निफाडात धुकं उतरतं.

निफाडच्या थंडीबद्दल वेगळं सांगायला नको. राज्यात पारा कुठे घसरला याची बातमी आली की निफाडचं नाव वरच्या ओळीत असतं, आणि लाट आली की तो पाच-सहा अंशांवर येऊन बसतो. आपण स्वेटरवर स्वेटर चढवतो. चक्रवाक लडाख-तिबेटकडून आलेला असतो. त्याच्या लेखी हे उन्हाळी शिबिर आहे.

आता सामानाकडे वळू, कारण सामानाशिवाय या लोकांना बोलता येत नाही. लेन्सला रेनकोट असतो, आणि तो अंगावरच्या रेनकोटाच्या चौपट किमतीचा असतो. आमच्या गटात एक निवृत्त बँकवाले काका आहेत. त्यांनी पावसाचा थेंब पडताच स्वतःची कानटोपी काढून लेन्सला घातली आणि हॉटेलातली शॉवर कॅप स्वतःच्या डोक्याला. सर्दी त्यांना झाली. लेन्स ठणठणीत राहिली. निरीक्षण मनोऱ्याच्या कठड्यावर लेन्स टेकवायला एक कापडी पिशवी लागते, तिला बीनबॅग म्हणतात. ती बाजारात रिकामी मिळते, आत काय भरायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. यात घराणी आहेत. तांदूळवाले राजमावाल्यांना कच्चे समजतात, राजमावाले तांदूळवाल्यांना कंजूष. काकांनी मटकी भरली. दाणा बारीक, लेन्स नीट बसते, आणि घरी आल्यावर परत डब्यात ओतता येते, असा त्यांचा ताळेबंद होता. पिशवी पावसात भिजली आणि तशीच डिकीत पडून राहिली. काकूंनी ती उघडली तेव्हा मटकीला बोटभर मोड आले होते. नाशिककडच्या घरात मोडाची मटकी वाया जात नाही. त्या फेरीतली एकमेव निर्विवाद यशस्वी गोष्ट म्हणजे ती मिसळ.

मनोऱ्यावर पोचलं की पहिला तास श्वासाशी झगडण्यात जातो. डोळा कॅमेऱ्याला लावला, श्वास सोडला, की व्ह्यूफाइंडरच्या काचेवर वाफ. बाहेरही पांढरं, आतही पांढरं. मग माणसं श्वास रोखून उभी राहतात. साठीच्या पुढची पाच-सहा माणसं एका ओळीत श्वास रोखून उभी आहेत, हे दृश्य पाहून एखाद्या योगशिक्षकाला भरून आलं असतं.

सोबत गावातला एक गाईड पोरगा असतो. लहानपणापासून या पाण्याच्या काठी वाढलेला. त्याच्या गळ्यात जुनी दुर्बीण, आणि तीही तो फारशी लावत नाही.

“सर, त्या दोन बाभळी दिसत्यात का? त्यांच्या डाव्या अंगाला थापट्या हायेत. चार नर, दोन माद्या.”

बाभळी तर सोडाच, आम्हाला डावं अंगही दिसत नव्हतं.

“वा! सुंदर!” काका म्हणाले आणि त्यांनी धाडधाड वीस-पंचवीस फोटो काढले. त्यांचं बघून शेजारच्यांनी काढले. या छंदात शेजाऱ्याचं शटर वाजलं की आपलं बोट आपोआप दाबलं जातं. समोर काय आहे याची चौकशी घरी गेल्यावर.

“आता तिकडं चक्रवाक बोलतोय,” पोरगा म्हणाला. हे मात्र सगळ्यांना कळलं. धुक्यातून एका बाजूनं ‘आँग’ असा तुतारीसारखा सूर आला, आणि दुसऱ्या बाजूनं त्याला उत्तर. चक्रवाकाची जोडी रात्री एकमेकांपासून ताटातूट होऊन दोन काठांवरून हाका मारत राहते, हा आपल्याकडचा जुना कविसंकेत. संस्कृत कवींनी या विरहावर पुष्कळ श्लोक खर्ची घातले. तेवढ्यात मनोऱ्यावर एकाचा फोन वाजला.

“कुठे आहात?”

“टॉवरवर.”

“दिसलं का काही?”

“धुकं आहे गं. येईल, उघडीप येईल.”

“इकडे गॅस संपलाय. दुसरा सिलिंडर कुठल्या खोलीत ठेवलाय?”

विरह एकाच काठाला असतो, हे कवींच्या लक्षात आलं नसावं.

तोवर बदकांचं काय चाललं होतं? काहीच नाही, आणि हीच आमची मुख्य तक्रार आहे. बदकाला हवा वाईट आहे हे कोणी सांगितलेलंच नाही. त्याच्या शेपटीच्या बुडाशी तेलाची एक ग्रंथी असते. चोच तिथे घासायची आणि ते तेल सगळ्या पिसांना चोपडायचं, हा त्याचा दिवसातून अनेकदा चालणारा उद्योग. शिवाय पिसांची वीणच इतकी घट्ट की पाणी वरच्या वर ओघळतं आणि आतली लव कोरडी राहते. पाय उघडे असतात, पण तिथेही व्यवस्था चोख आहे. पायाकडे जाणारं गरम रक्त आणि पायाकडून परत येणारं थंड रक्त शेजारशेजारच्या नळ्यांतून वाहतं, जाता जाता गरम रक्त आपली ऊब परतणाऱ्या रक्ताला देऊन टाकतं, आणि पाय थंडच ठेवले जातात. थंड पायातून पाण्यात उष्णता जाणार तरी किती? आम्ही दोन जोड मोजे घालून ‘पाय गारठले’ म्हणत होतो. बदकानं पाय गारठवूनच प्रश्न मिटवला होता.

इतकं सुखी असलेलं बदक थंड, ओलसर सकाळी करतं काय, तर झोपतं. मान मागे वळवून चोच पाठीच्या पिसांत खुपसतं, कधी एक पाय पोटात घेतं, आणि त्याचा एक करडा गोळा होतो. अशा गोळ्यांचे फोटो ओळखणं हा स्वतंत्र विषय आहे.

“हा थापट्या,” काका स्क्रीन दाखवत म्हणतात.

“कशावरून?”

“चोच बघा ना. फावड्यासारखी, टोकाला पसरट.”

“चोच पिसांत आहे.”

“आत आहे, पण पसरट आहे.”

झोपेची ही गोष्ट मात्र दिसते तितकी भोळी नाही. मॅलार्ड बदकांवर १९९९ साली प्रसिद्ध झालेलं एक संशोधन आहे. ओळीत झोपलेल्या बदकांपैकी कडेची बदकं एक डोळा उघडा ठेवून जास्त वेळ झोपतात, आणि तो डोळा बाहेरच्या बाजूचा असतो, जिकडून शिकारी यायची शक्यता. त्या वेळी मेंदूचा एकच अर्धा भाग झोपलेला असतो, दुसरा पहाऱ्यावर. मधली बदकं मात्र दोन्ही डोळे मिटून निवांत. आमच्यात पहाऱ्याला बसवलेला माणूस पहिल्यांदा झोपला. बदकं उडाली तर हाक मारायची, हे त्याचं काम होतं. आणि ही सगळी धुक्यात अर्धी झोपलेली, एका डोळ्यानं आमच्याकडे बघणारी बदकं. त्यांच्या समोर आम्ही मातकट रंगाची जॅकेटं घालून, कठड्यामागे वाकून, ‘शूऽऽ’ करत लपलो होतो.

जी झोपत नाहीत ती जेवतात. थापट्या पाण्याच्या पृष्ठभागावर चोच टेकवून चाळणीसारखं पाणी गाळत जातो, त्यामुळे त्याचा चेहरा मिळतच नाही. तलवार बदक आणि गडवाल तळाचं खायला डोकं पाण्यात घालतात आणि शेंडी खाली, शेपूट आकाशाकडे अशा अवस्थेत पाय मारत राहतात. आपल्या देशातल्या हौशी छायाचित्रकारांच्या हार्ड डिस्क जप्त केल्या, तर निम्मी जागा बदकांच्या पार्श्वभागांनी व्यापलेली आढळेल.

यातून कॅमेरा वाचवील, असं कंपन्या सांगतात. नव्या कॅमेऱ्यांना पक्ष्याचा डोळा ओळखता येतो. स्क्रीनवर एक छोटा चौकोन येतो आणि डोळ्याला चिकटून राहतो. हे लख्ख हवेत. धुक्यात कॅमेऱ्याला काळं-पांढरं वेगळं करायला काहीच मिळत नाही; लेन्स पुढे जाते, मागे येते, घरघर करते. त्या दिवशी काकांच्या कॅमेऱ्याला अखेर एक डोळा सापडला. चौकोन घट्ट बसला, हलेना. काकांनी बोट दाबून धरलं. धुकं जरा विरळ झालं तेव्हा तो मासेमारीच्या जाळ्याला बांधलेला थर्माकोलचा तुकडा निघाला. फोटो मात्र अप्रतिम. थर्माकोलचा दाणा न् दाणा मोजून घ्यावा.

उजेडाचं गणित आणखी उफराटं. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं जग मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. त्याला पांढरं धुकं दाखवलं की ते म्हणतं, छे, फार उजेड झाला, आणि फोटो काळवंडून टाकतं. म्हणून धुक्यात एक-दीड स्टॉपनं जास्त उजेड घ्यावा लागतो. उजेड नाही म्हणून ओरडायचं आणि कॅमेऱ्याला मात्र उजेड फार झाला असं वाटत असतं! संवेदनशीलता वाढवावी तर चित्रात दाणे येतात. ते घालवायला आता सॉफ्टवेअर मिळतं. ते दाणे पुसतं आणि त्यांच्या जागी स्वतःच्या मनानं पिसं काढतं. गटातल्या एकाच्या लालसरीला त्यानं इतकी सुबक पिसं काढून दिली की पक्षितज्ज्ञांनी पाहिली तर नवी प्रजाती म्हणून नोंद करतील.

वाऱ्याचं शास्त्र मात्र पक्कं आहे. बदकं वाऱ्याच्या दिशेनं तोंड करून बसतात आणि वाऱ्याला सामोरी जाऊनच उडतात, म्हणून वारा आपल्या पाठीवर घ्यावा. उडाली की आपल्याच तोंडावर येतात. हे सगळ्यांना पाठ असतं. फक्त मनोरा वनखात्यानं बांधलेला असतो आणि वाऱ्याला तो कुठे बांधलाय ते माहीत नसतं. वारा उत्तरेकडून तोंडावर येत होता. साडेआठच्या सुमाराला वरून एक भोवत्या पंख पसरून संथ गिरक्या घेत आला. हा शिकारी पक्षी. पाण्यावर एकदम कालवा झाला, शेकडो बदकं उठली आणि सगळीच्या सगळी आमच्याकडे पाठ करून उत्तरेला निघून गेली. तलवार बदकं वगैरे मंडळी पाण्यातून लिफ्टसारखी सरळ वर उठतात. लालसरी पाण्यावर धावपट्टी घेत जातात. दोन्ही प्रकार मागून कसे दिसतात याचं आमच्याकडे आता सविस्तर दस्तऐवजीकरण आहे.

अशा वेळी मला भरतपूर आठवतं. तिथल्या केवलादेवच्या पाणथळीत पूर्वी बदकांच्या शिकारी व्हायच्या आणि त्यांचे आकडे दगडी फलकांवर कोरून ठेवलेले आहेत. त्यात १२ नोव्हेंबर १९३८ या दिवशी, व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो पाहुणे असताना, एका दिवसात ४,२७३ पक्षी मारल्याची नोंद आहे. आजच्या कॅमेऱ्याचं शटर सेकंदाला वीस फोटो घेतं. म्हणजे व्हाइसरॉयचा सबंध दिवसाचा विक्रम आमचे काका चार मिनिटांच्या आत मोडतात, आणि एकाही बदकाला त्याचा पत्ता लागत नाही. माणसाच्या प्रगतीबद्दल मला काही वेळा शंका येते, पण इथे मात्र ती मुळीच येत नाही. नेम जितका वाईट होत गेला तितकं बदकांचं भलं झालं.

नऊनंतर धुकं हललं, पण ऊन येण्याऐवजी पाऊस आला. अवकाळी, बारीक, थांबायचं नाव न घेणारा. काहींचे चेहरे उजळले. पावसात शटर हळू ठेवलं की थेंबांच्या रेषा येतात, फार वेगात ठेवलं की थेंब मोत्यांसारखे हवेत गोठतात. यातलं काय चांगलं यावर दोन गट पडले. रेषावाले म्हणाले, मोतीवाल्यांना मूड कळत नाही. मोतीवाले म्हणाले, रेषावाल्यांचे हात थरथरतात म्हणून ते मूड म्हणतात. बदकं आधीच गेली होती, त्यामुळे वाद शुद्ध तात्त्विक पातळीवर राहिला.

मनोऱ्याखालच्या रस्त्यावर एक मोटरसायकल थांबली. डोक्यावर खताची गोणी पांघरलेला शेतकरी वर बघत होता. निफाड तालुका म्हणजे द्राक्षांचं आगर, आणि या दिवसांत मण्यात पाणी भरत असतं. थंडी फार पडली तर बागेत शेकोट्या पेटवून रात्र काढायची. धुकं राहिलं तर डावण्या येतो म्हणून फवारणी. आणि पाऊस झाला तर मणी तडकतात. त्याला कुठलंच औषध नाही. आम्ही ज्या हवेसाठी पहाटे उठून आलो होतो, ती टळावी म्हणून तो रात्रभर जागा होता.

“साहेब, येवढा मोठा कॅमेरा हाय, तर माझ्या बागेचा एक फोटो मारता का? पंचनाम्याला तलाठ्याला दाखवायचाय.”

काका मनाचे मोकळे. ट्रायपॉड खांद्यावर टाकून लगेच खाली उतरले, पाठोपाठ आम्ही. बाग शंभर पावलांवर होती. शेतकऱ्यानं पान बाजूला करून एक घड हातात धरला. टपोरे मणी, त्यातले बरेच उभे चिरलेले, चिरेतून रस आलेला, त्यावर पावसाचं पाणी. काकांनी नेम धरला. लेन्स पुढे गेली, मागे आली, घरघरली.

या लांबड्या लेन्सला तलावापलीकडचं बदक दिसतं, पण साडेचार मीटरच्या आत काही आलं तर ते तिच्या गावी नसतं. द्राक्षाच्या दोन ओळींमध्ये अंतर असतं आठ-नऊ फूट. काका एक पाऊल मागे सरकले, आणखी एक, मग त्यांची पाठ मागच्या ओळीच्या तारांना लागली आणि वरच्या पानांवरचं सगळं पाणी त्यांच्या शॉवर कॅपवर आलं.

“तुम्हीच जरा लांब जाता का घड घेऊन?” काकांनी विचारलं.

“घड वेलीला हाय साहेब.”

शेवटी शेतकऱ्यानं खिशातून तडा गेलेला मोबाइल काढला, शर्टाला पुसला, एका हातानं घड धरून दुसऱ्या हातानं फोटो काढला आणि आम्हाला दाखवला. मणी स्पष्ट, चीर स्पष्ट, खाली तारीख-वेळ. मग त्यानं काकांच्या लेन्सकडे टोकापासून बुडापर्यंत एकदा पाहून घेतलं.

“काय किमतीचा हो?”

काकांनी आकडा सांगितला. काकूंना सांगितलेला नव्हे, खरा.

“आरं बापरे,” तो म्हणाला. “मग बदकं तरी आली का यात?”

“आलीत ना. थोडं प्रोसेसिंग करावं लागेल.”

“करा, करा,” मोटरसायकलला किक मारत तो म्हणाला, “आम्हालाबी फवारणी करायचीच हाय.”